कोऱ्या बाटलीचा वास

आमच्या संशोधनाची सुरुवात साबणाने झाली. तसा बेत नव्हता. परदेशातून मोठ्या मिनतवारीने वासाच्या चाचणीची एक पुस्तिका मागवली होती. पान नखाने खरवडायचं, हुंगायचं आणि खाली छापलेल्या चार नावांतून बरोबर नाव सांगायचं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून आम्ही ओळखीचे एक निवृत्त पोस्टमास्तर पकडून आणले. पहिलं पान खरवडलं. "साबण," ते म्हणाले. दुसरं खरवडलं. "साबण. दुसऱ्या कंपनीचा." तिसऱ्याला त्यांनी जरा विचार केला आणि "फिनेल" असं उत्तर दिलं. पुढे पुन्हा साबणच. त्या पुस्तिकेच्या हिशेबाने पोस्टमास्तर पार गंभीर आजारी निघाले. खरं तर त्यांचं नाक ठणठणीत होतं. लव्हेंडर काय, पाइनचं लाकूड काय, या वासांशी त्यांची गाठ आयुष्यात फक्त न्हाणीघरात पडली होती, त्याला ते तरी काय करणार?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं की मॅडम, मेंदूवर लिहा, पण सोपं लिहा, दिवाळीत लोक फराळ करत वाचतात. म्हणून आधीच सांगते, मी लिहिणार आहे नाकावर. मेंदू ओघाने येईल.

मी नाशिकची. शिकायला बाहेर गेले, परदेशात काही वर्षं काढली आणि परत येऊन इथल्याच एका छोट्या संशोधन केंद्रात निवृत्त होईपर्यंत टिकले. मेंदू हळूहळू झिजवणारे जे आजार असतात, कंपवात, स्मृतिभ्रंश वगैरे, त्यांच्यावर आमचं काम चालायचं. नावापुढे डॉक्टर लागतं, पण मी औषध देणारी डॉक्टर नव्हे. हे सोसायटीतल्या लोकांना मी अजून पटवू शकलेले नाही. कुणी ब्लडप्रेशर दाखवायला येतं, कुणी दहावीतल्या पोराला घेऊन येतं, "जरा याच्या मेंदूचं बघा." सुरुवातीची कैक वर्षं मी फळांवरच्या बारीक माश्यांवर काम केलं. काचेच्या नळीत माश्या घालायच्या, नळी आपटून त्यांना तळाशी पाडायचं आणि परत वर कोण चढतं ते बघायचं. धडधाकट माशी भरभर चढते, आजारी माशी तळाशीच घुटमळते. आमच्या सासूबाईंना कुणी विचारलं, सून काय करते, की त्या शांतपणे सांगायच्या, "सकाळी डबा घेऊन जाते आणि दिवसभर माश्या मारते." शब्दशः खरं होतं.

आता तो मेंदू एकदाचा उरकून टाकते. मेंदूच्या पेशींत प्रथिनं असतात आणि प्रत्येकाची घडी ठरलेली असते. काहींची घडी बिघडते आणि मग त्यांच्या गाठी होतात, न घोटलेल्या पिठल्यात होतात तशा. त्या गाठी वाढत जातात आणि पेशी मरत जातात. हालचाल सांभाळणाऱ्या पेशी गेल्या की कंपवात, आठवणी सांभाळणाऱ्या गेल्या की स्मृतिभ्रंश. गेलेली पेशी परत येत नाही. कंपवातात हात थरथरायला लागतो तेव्हा पुष्कळशा पेशी आधीच गेलेल्या असतात, म्हणून जगभरचे आमच्यासारखे लोक एकाच गोष्टीच्या मागे आहेत: हे जरा आधी कळेल का? तर नाक आधी सांगतं. पुष्कळ रुग्णांचा वास ओळखण्याचा गुण हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी जातो. कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. डोळे अधू झाले तर माणूस धडपडतो. नाक गेलं तर फक्त भाजी मचूळ लागते आणि तिथे दोष द्यायला बायको असतेच.

पण नाक जायला कारणंही शंभर असतात. सर्दी, वय, तपकीर, आणि कोविडनंतर तर विचारूच नका. त्यामुळे वास येत नाही म्हणजे कंपवात होणार, असं मुळीच नाही. हे मी ठळक अक्षरांत सांगते, नाहीतर उद्या अर्धी सोसायटी हिंगाची डबी घेऊन माझ्या दारात उभी राहील.

तर साबणाच्या फजितीनंतर आम्ही ठरवलं, नाशिकच्या नाकाला नाशिकचेच वास. आम्ही म्हणजे मी आणि वैशाली. वैशाली आमची प्रयोगशाळा सहायक, सिडकोत राहणारी, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघीण. दोघींनी बसून पेटी जमवली. हिंग, रॉकेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, फोडणीचा कांदा, द्राक्षबागेत मारतात तो गंधक, सुका बोंबील, आणि गुलाब, मोगरा, हिना ही अत्तरं. छोट्या बाटल्यांना बाहेरून काळी पट्टी चिकटवली, म्हणजे रंग दिसून चुगली नको. बोंबलाची बाटली भरली त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन चौकशी करून गेले. ही पेटी पुढे सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर नेली तर तिथेही अडली. तिथल्या म्हाताऱ्यांना आमच्या हिन्याशी काय देणंघेणं? मग भाजलेली नागली आणि मोहाची फुलं घालून वेगळी पेटी केली.

शहरातलं आमचं पहिलं शिबिर पंचवटीत झालं, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत. निरोगी म्हाताऱ्या बायका हव्या होत्या, आणि एका भजनी मंडळाच्या सगळ्याजणी रांगेने आल्या. सगळं झकास चाललं होतं. हिंग ओळखला, कापूर ओळखला, रॉकेल तर बाटली नाकाजवळ न्यायच्या आधी ओळखलं. पण एका बाटलीला एकजात सगळ्यांची मान आडवी. बोंबील. "नाही बाई, येत नाही कसलाच वास." पहिल्या दोघींना मी मनावर घेतलं नाही. पण मग रांगच्या रांग तेच म्हणायला लागली. मला वाटलं, बाटली शिळी झाली. वैशालीने बूच काढून बघितलं, तर खोलीच्या पार टोकाला बसलेल्या, भजनाला पेटी वाजवणाऱ्या काकांनी नाकाला रुमाल लावला.

उलगडा झाला चहाच्या वेळी. एक सत्तरीतल्या आजी, घर अतिशय कडक सोवळ्याचं, नवरा हयातभर पूजा सांगणारा. सून चपला शोधायला बाहेर गेलेली बघून त्यांनी माझी ओढणी धरली आणि जवळ ओढून म्हणाल्या, "अगं, बोंबील आहे तो. मला काय कळत नाही होय?"

मग आत का नाही सांगितलंत, असं मी विचारलं.

"सूनबाई शेजारी होती ना. ओळखला म्हणावं तर ती विचारणार, तुम्हाला कसा ठाऊक?"

अशी ती भानगड. प्रत्येकीला वास येत होता, प्रत्येकीच्या शेजारी सून, जाऊ नाहीतर विहीण होती, आणि आमच्या तक्त्यात मात्र अख्ख्या भजनी मंडळाला मेंदूचा आजार लागला होता. असली चूक जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेत होत असेल असं मला वाटत नाही. ती इथेच व्हायची. आम्ही मुकाट्याने बोंबील पेटीतून काढला. वैशालीला मात्र तो काढताना फार हळहळ वाटली, कारण ती रोज दुपारी पुरवठ्यातला उरलेला घरी न्यायची.

वास येत असून येत नाही म्हणणारे लोक पंचवटीत भेटले. वास येत नसून येतो म्हणणारा पहिला माणूस निफाडला भेटला. हे अण्णा, पांढरी टोपी, मोठी द्राक्षबाग, बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत. प्रत्येक बाटली हुंगायचे आणि ठणकावून नाव सांगायचे, चार पर्याय ऐकायला थांबायचेसुद्धा नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला. बहुतेक उत्तरं चुकत होती, पण मधूनच एखादं बरोबर यायचं, आणि त्यांचा आवेश असा की आपलंच काही चुकतंय असं वाटावं. वैशाली वैतागली. तिने स्वच्छतागृहाचं निमित्त केलं, बाहेर जाऊन एका रिकाम्या बाटलीत बिनवासाचं तेल भरलं, काळी पट्टी लावली आणि आणून अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"हा इंपोर्टेड हाय," ते म्हणाले. "लय भारीतला."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघी गाडीत हसून हसून रडलो. अण्णांना पुढे काही झालं नाही, चांगले धट्टेकट्टे आहेत. उभ्या जन्माची तपकीर आणि गंधकाची धूळ यांनी नाकाचा निकाल लावला होता, इतकंच. पण त्या दिवसापासून आमच्या पेटीत एक कोरी बाटली कायमची आली. ज्याला तिच्यात वास सापडेल, त्याच्या बाकीच्या उत्तरांवरही भरवसा ठेवायचा नाही. या एका बाटलीचं मला फार कौतुक होतं. परिषदांमध्ये मी ती खिशातून काढून दाखवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आता रशीदभाई.

आमच्या पेटीतली अत्तरं जुन्या नाशकातल्या एका दुकानातून यायची. बोळ इतका अरुंद की समोरून स्कूटर आली तर आपण दुकानात शिरायचं, आणि शिरलं की काहीतरी घेऊनच बाहेर पडायचं. तीन पिढ्यांचं दुकान. अत्तर, सुरमा, टोप्या, उदबत्त्या. पण दुकानाचं नाव होतं ते त्यांच्या घरच्या एका मिश्रणासाठी. त्याला नाव नव्हतं, सगळे नुसतं 'खास' म्हणायचे. आसपासच्या गावांतून लग्नघरची माणसं नवरदेवासाठी खास घ्यायला यायची, हिंदू काय, मुसलमान काय. ते रशीदभाई एकटे बनवायचे, सकाळी दुकान उघडायच्या आधी, दार लावून. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच दार लावून शिकवलेलं. कुठे लिहून ठेवलेलं नाही. आणि रीत अशी की ते घरातच राहायला हवं, म्हणून मुलीला शिकवायचं नाही, कारण मुलगी उद्या दुसऱ्या घरी जाणार. रशीदभाईंना मूल एकच होतं, शबाना. ती बी.कॉम. करून दुकानातच बसत होती, सगळं बघत होती, फक्त सकाळच्या त्या बंद दाराच्या बाहेर.

रशीदभाई म्हणजे अदबशीर माणूस. अत्तर विकायची त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या हाताच्या पालथ्या बाजूला काडीने एक रेघ ओढायची आणि काहीच न बोलता त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. मी दर दिवाळीला त्यांच्याकडून मोगरा न्यायचे. आमच्या कामात त्यांना फार रस. "मॅडम, नाकावरून मेंदू कळतो, मग आमचा मेंदू तर अव्वल असणार," असं म्हणायचे. म्हणूनच जेव्हा आम्हाला तुलनेसाठी उत्तम नाकाची माणसं हवी होती, तेव्हा मी पहिलं नाव त्यांचं सांगितलं. इस्त्रीचा कुर्ता घालून, चाचणीच्या दिवशी अत्तर लावायचं नसतं हे लक्षात ठेवून, ते अगदी वेळेवर हजर झाले.

हिंग चुकला. मी वैशालीकडे बघितलं, वैशालीने माझ्याकडे. कापूर बरोबर आला, पण कापूर नाकाला नुसता झोंबतोही, तो वास न येणाऱ्यालाही कळतो. मग त्यांच्याच दुकानातला गुलाब दिला. "केवडा," ते म्हणाले. जरा सर्दी आहे म्हणाले, हसले. शेवटी कोरी बाटली आली. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की तिला बाजूला सारावं. पण वैशालीने ती त्यांच्या हातात दिलीसुद्धा होती. रशीदभाईंनी ती जाणकारासारखी फिरवली, नाकाखालून दोनदा नेली.

"हिना," ते म्हणाले. "हलका आहे, पण अस्सल."

आमचा नियम होता की जो विचारेल त्याला निकाल सांगायचा, न विचारणाऱ्याच्या मागे लागायचं नाही. थांबवण्याचं औषध हातात नसताना नुसती भीती कुणाच्या गळ्यात बांधायची? रशीदभाईंनी विचारलं नाही. एरवी तासभर गप्पा मारणारा माणूस चहा अर्धा ठेवून उठला. जाताना मी त्यांना पाठमोरं बघितलं. उजवा हात चालीबरोबर झुलत होता. डावा झुलत नव्हता. मी औषध देणारी डॉक्टर नव्हे, पण कंपवाताची ही खूण मला कळते, आणि त्या दिवशी कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात अत्तरांची पिशवी घेऊन शबाना आली. पिशवी ठेवली आणि उभीच राहिली. मग बसली. अब्बांनी चाचणी दिली का, हे तिने विचारलंच नाही, सरळ म्हणाली की अब्बांचं नाक गेलंय, आणि ते कोविडच्याही आधीपासून. ते आता अत्तर हुंगतच नाहीत, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवतात की माल बरा आहे की नाही. आणि खास बिघडत चाललंय. एका लग्नघराने नावं ठेवली. तेव्हापासून अब्बा जेवायला घरी गेले की ही गुपचूप बाटल्या उघडते आणि लहानपणापासून जो वास डोक्यात बसलाय त्याच्या अंदाजाने त्यात थोडं थोडं घालून सुधारते. जवळपास जमतं. पण पूर्ण नाही.

"एक काहीतरी राहतंय, मॅडम," ती म्हणाली. "काय ते फक्त अब्बांना माहितीय. आणि मी विचारलं, तर त्यांना कळणार की मला कळलंय."

तिचं म्हणणं असं, की अब्बांना नाक गेल्याचं दुःख आहेच, पण मुलीसमोर उघडं पडायचं त्याहून मोठं आहे. आणि वेळ फार नाही असं तिला वाटत होतं, कारण अब्बा अलीकडे साध्या गोष्टीही विसरत होते. विसरणं वयाचं असेल, नसेलही. पण ते राहिलेलं काहीतरी त्यांच्या डोक्यातून निसटलं, तर तीन पिढ्यांचं खास संपलं, मग ते कुणी जन्मात परत आणू शकणार नव्हतं. मी कंपवाताच्या गाठींवर आयुष्य घालवलं होतं, आणि इथे एका बंद दारापुढे दोघं बाप-लेक एकमेकांना जपत उभे होते, त्यावर माझ्याकडे कुठलीच चाचणी नव्हती. मला फार वाईट वाटलं. रागही आला, रीतभातीचा.

दोन दिवसांनी मी दुकानात गेले. मोगऱ्याचं निमित्त होतं, दिवाळी लांब होती तरी. शबाना मागच्या बाजूला टोप्यांच्या घड्या घालत होती. निकालाबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. मी त्यांना पंचवटीच्या आजींची बोंबलाची गोष्ट सांगितली. रशीदभाई खूप हसले. मग अण्णांची सांगितली, कोऱ्या बाटलीची. इंपोर्टेडवर ते हसायला लागले आणि मधेच थांबले.

त्यांनी काउंटरच्या काचेवरून एकदा बोट फिरवलं.

"मला दिलेली शेवटची बाटली," ते म्हणाले, "त्यात काय होतं?"

विचारलं की सांगायचं, हा आमचा नियम.

"काही नव्हतं, रशीदभाई."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मागे टोप्यांचा आवाज बंद झाला होता. मग ते मागे न बघताच म्हणाले, "शबाना, तू किती दिवस दुरुस्त करतेयस?" म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. गिऱ्हाइकांचे चेहरे परत खुलायला लागले होते, ते त्यांच्या नजरेतून कसं सुटेल? चेहरे वाचणं हाच तर त्यांचा धंदा झाला होता. आपल्या हातून बिघडतंय आणि कुणीतरी मागून सावरतंय, हे कळूनही हा माणूस गप्प होता, कारण बोललं तर पोरीला कळणार की त्यांना कळलंय. शबाना रडायला लागली. मी काचेतल्या सुरम्याच्या डब्या मन लावून बघत बसले.

"त्यात मिसळायचं काही राहिलेलं नाही, बेटा," ते तिला म्हणाले. "बाटलीत राहिलंय."

राहिलेली गोष्ट अशी होती, की खास भरण्याआधी रिकामी बाटली लोबानच्या धुरावर उपडी धरायची. काच धुराने माखली की बूच लावायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी अत्तर भरायचं. वास मिश्रणात नव्हताच, रिकाम्या बाटलीत होता. आणि ते त्यांनी बंद केलं होतं, कारण एका सकाळी निखाऱ्याची ठिणगी उडून शेजारचं कापड जळत राहिलं आणि डोळे चुरचुरेपर्यंत त्यांना पत्ताच लागला नव्हता. त्या दिवसापासून त्यांना निखाऱ्याची भीती बसली. ती भीतीसुद्धा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या सकाळपासून दार लागलं ते दोघांना आत घेऊन. रीत मोडली म्हणून त्यांच्या एका चुलतभावाला मिरच्या झोंबल्या, असं नंतर कळलं. रशीदभाईंनी त्याला सांगितलं म्हणे की रीत घराची होती, आणि घर म्हणजे आता ही पोरगी आहे.

मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तेव्हा ठोस काही निघालं नाही, पण लक्ष ठेवणारं कुणीतरी मिळालं. पुढे दोनेक वर्षांत डावा हात थरथरायला लागला तेव्हा औषधं लगेच सुरू झाली आणि त्यांची चालती-फिरती वर्षं बरी गेली, अजून जात आहेत. आमचा शोधनिबंध छापून आला. परदेशी परीक्षकाने हिंग म्हणजे काय ते सविस्तर लिहून मागितलं होतं, ते वैशालीने मोठ्या खुशीने लिहिलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. पण एका सज्जन माणसाचा हात थरथरल्यामुळे खरं ठरण्याचा आनंद कुठे ठेवायचा, ते मला आजही कळलेलं नाही. इतकी वर्षं घालवून आम्ही एवढंच शिकलो की येणारं संकट जरा आधी सांगता येतं. थांबवता अजून येत नाही. कुणीतरी तरुण पोरं ते करतील, माझी खात्री आहे, पण माझ्या हातून व्हायला हवं होतं ही रुखरुख आहेच.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. मागच्या दिवाळीच्या आधी नेहमीप्रमाणे मोगरा आणायला गेले. शबाना काउंटरमागे होती, हातात काडी, समोर गिऱ्हाईक, आणि नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर, थेट बापासारखी. रशीदभाई बाजूच्या खुर्चीत बसले होते. हात थरथरतो, आवाज बारीक झालाय, अदब तशीच. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी केली. मग खिशातून एक छोटी बाटली काढून माझ्या हातात दिली.

"यंदाचा मोगरा, मॅडम. बघा बरं."

मी बूच काढलं आणि हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं, जरा जोरात. काहीच नाही. माझं वय, मामाचा कंपवात, सकाळी मचूळ लागलेली आमटी, सगळं एकदम डोक्यात आलं. आणि समोर रशीदभाई माझ्या तोंडाकडे बघत होते.

"छान आहे," मी म्हणाले. "जरा हलका आहे, पण छान."

रशीदभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. शबाना धावत पाणी घेऊन आली, बाटली बघितली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अब्बा, तुम्ही मॅडमनापण दिली ती कोरी?" म्हणजे हा त्यांचा नवा खेळ होता. अनेकांना देऊन झाली होती. ज्या बाटलीसाठी मी परिषदांमध्ये टाळ्या घेतल्या, तिच्यात मी स्वतः तोंडघशी पडले होते. आणि का पडले, तेही मला नीट कळलं होतं. भजनी मंडळाच्या आजी, निफाडचे अण्णा, रशीदभाई, सगळ्यांनी त्या बाटल्यांसमोर काय सोसलं असेल ते मी आमच्या तक्त्यात कधी मांडलंच नव्हतं. शबानाने मग खरी मोगऱ्याची बाटली काढली, यंदा तो तिने स्वतः केला होता, आणि मी ती जवळजवळ हिसकावून घेतली. वास आला. इतका आला की डोळ्यांत पाणी आलं.

रशीदभाईंचं हसू आता थांबलं होतं. खुर्चीत जरा पुढे सरकून, ठसक्याने ओले झालेले डोळे पुसत त्यांनी विचारलं, "कसा झालाय? मला नाही कळत. सांगा ना."

आयुष्यभर मी लोकांना वासाचं नाव विचारत आले. वास कसा आहे, हे मी कुणाला विचारलं नव्हतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं. चार पर्यायही समोर नव्हते. मी परत एकदा हुंगलं आणि सांगायला लागले, की आमच्या शाळेसमोर संध्याकाळी एक बाई ओल्या फडक्यात गजरे घेऊन बसायची, ती फडकं उघडायची त्या वेळचा आहे, फुलं अजून पुरती उमललेली नाहीत, आणि फडक्याच्या ओलीचाही वास त्यात आहे. रशीदभाई डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा हात थरथरत होता आणि ते मान हलवत होते.

"बरोबर," ते शबानाला म्हणाले. "जमलाय तुला."